चौकटीत कोणती संख्या?

पुढे वाचण्यापूर्वी ही चौकट भरा:

८ + ४ = □ + ५

अमेरिकेतील काही संशोधकांनी हाच प्रश्न सहावीच्या १४५ मुलांना विचारला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार एकाचेही उत्तर बरोबर आले नाही! मुलांनी १२ किंवा १७ लिहिले होते. त्यांना बेरीज येत नव्हती काय? तसे नाही. ८ आणि ४ मिळून १२, त्यात ५ मिळवून १७. दोन्ही बेरजा अचूक आहेत. चुकला तो '=' या चिन्हाचा अर्थ. 'आता उत्तर लिहा' असाच तो मुलांनी घेतला.

हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड याने १५५७ साली आपल्या पुस्तकात प्रथम वापरले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक समान काय असणार, असा त्याचा विचार होता. म्हणजे '=' ही तराजूची दांडी समजा. डाव्या पारड्यात १२ आहेत, तेव्हा उजव्यातही १२ हवेत. म्हणून चौकटीत ७.

आता बेरीज न करता हे सोडवा:

६७ + ८६ = ६८ + □

६७ चे ६८ झाले, एक वाढला. मग ८६ मधून एक कमी व्हायला हवा. उत्तर ८५. संख्यांमधील असा संबंध ओळखणे हीच बीजगणिताची पहिली पायरी होय.

शिक्षकांनी चाचणीत असा एखादा प्रश्न जरूर घालावा आणि चुकीच्या उत्तरावर फुली मारण्यापूर्वी विचारावे, "हे कसे काढलेस?" १२ लिहिणाऱ्याला बेरजेची आणखी उदाहरणे देऊन उपयोग नाही, त्याला तराजू दाखवायला हवा.