निवेदकाचे स्मरण आणि प्रेमातील आर्तता : ओरहान पामुक यांच्या एका कादंबरीच्या संदर्भात

प्रस्तावना :
भारतीय काव्यशास्त्राने कामाच्या दहा अवस्था सांगताना अभिलाष व चिंतन यांच्यानंतर स्मृतीला स्थान दिले आहे. प्रथमपुरुषी निवेदनाच्या कादंबरीत मात्र स्मृती ही केवळ एक अवस्था न राहता निवेदनाचे तंत्रच बनू शकते. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांच्या 'मासुमियेत म्युझेसी' (२००८, इंग्रजी अनुवाद 'द म्युझियम ऑफ इनोसन्स', २००९) या कादंबरीच्या आधारे हे तंत्र येथे स्पष्ट करावयाचे आहे.

तपशिलाचे कार्य :
इस्तंबूलमधील धनाढ्य केमालचा विवाह सिबेलशी ठरलेला असतानाच तो फ्युसुन या दूरच्या नात्यातील, दुकानात काम करणाऱ्या अठरा वर्षांच्या तरुणीत गुंततो. साखरपुड्यानंतर ती दुरावते. पुढे ती विवाहित झाल्यावरही सुमारे आठ वर्षे तो तिच्या घरी रात्रीच्या भोजनास जात राहतो. अशी भोजने १५९३ झाली, असा हिशेब तो देतो. तिने ओढलेल्या सिगारेटींची ४२१३ थोटके जपून ठेवतो. थोटूक कसे चिरडले आहे, यावरून तो तिची त्या क्षणाची मनःस्थिती वाचतो. घरातली मीठदाणी किंवा दूरदर्शन संचावरचा चिनी मातीचा कुत्राही त्याच्या संग्रहात जातो.

या वस्तू सुंदर नाहीत, आणि त्यांचे सामर्थ्य नेमके तेथेच आहे. चंद्र, मेघ, वसंत हे उद्दीपन विभाव सर्वांचे असतात. चिरडलेले थोटूक एकाच व्यक्तीचे असते. शिवाय जे लाभले त्याची कोणी मोजदाद करीत नाही. आकडा जितका नेमका, तितका अभाव तीव्र जाणवतो. 'मला तिची ओढ होती' हे निवेदकाला वेगळे सांगावे लागत नाही.

स्मरणाची मर्यादा :
तथापि, या नेमकेपणाला दुसरी बाजू आहे. आरंभीच्या प्रणयप्रसंगी फ्युसुनच्या कानातील फुलपाखराच्या आकाराचे कर्णभूषण गळून पडते. अखेरीस दोघे पुन्हा एकत्र येतात तेव्हा ती तेच आभूषण घालते, आणि इतकी थोटके मोजणाऱ्या केमालच्या ते ध्यानातच येत नाही. चित्रपटात अभिनेत्री होण्याची तिची आकांक्षाही तो जाणून असतो, पण तिच्या पूर्तीला आडच येतो. तिच्या वस्तू त्याने जपल्या; तिची इच्छा जपली नाही.

निष्कर्ष :
स्मृतीतील तपशील प्रिय व्यक्तीविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक स्मरण करणाऱ्याविषयी सांगतो. पामुक यांनी २०१२ मध्ये इस्तंबूलमध्ये याच नावाचे संग्रहालय उभारले. तेथे ती थोटके भिंतीवर टाचून मांडलेली आहेत. अशा निवेदनाचा अभ्यास करताना निवेदकाला काय आठवते याबरोबरच त्याच्या नजरेतून काय निसटले, हाही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.