हळदीचा वास आणि हळदीचा गुण

वसमतला हळद शिजू लागली, की तिचा वास पाहुण्याला वेशीवरच गाठतो. गेल्या माघात मी ताईकडे गेलो, तेव्हा दाजी दोन ढिगांमध्ये बसून बेणे निवडत होते. एका ढिगात नेहमीची सेलम, दुसऱ्यात परगावाहून आणलेली नवी जात. कंद मोडायचा, हुंगायचा, की निकाल!

"पाव्हणे, वास तिथं गुण. नवी सगळी शिजवून टाकतो."

मी पडलो रसायनाचा मास्तर. गप्प कसा बसणार? म्हटले, "दाजी, नाकाला वास कळतो, कुरकुमिन नाही!"

वाचकहो, हळदीचा वास तिच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा. त्यात टर्मेरोन मुख्य. पिवळा रंग कुरकुमिनचा, आणि त्याला जवळजवळ वासच नाही. दोन्ही द्रव्ये झाडाच्या पोटात निरनिराळ्या वाटांनी तयार होतात.

भांगेची गंमत याहून न्यारी. तिच्या फुलांवरच्या बारीक ग्रंथींत काही सुगंधी द्रव्ये आणि नशेचे द्रव्य जेरानिल पायरोफॉस्फेट या एकाच कच्च्या मालातून निघतात. तरीही, एका आईची लेकरे पण स्वभाव निराळे! १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी टीएचसी हे नशेचे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला स्वतःचा वास नाही. रोपात टीएचसी जास्त की नशा न आणणारे सीबीडी, हे मुख्यतः एका जनुकस्थानावर ठरते, असे २००३ साली दिसून आले. वासामागे मात्र इतर अनेक जनुके. म्हणून नवी जात काढणारा नाकावर विसंबत नाही, दोन्ही मोजतो.

हळदीत तर चूक अधिक महाग. तिला बी सहसा धरत नाही. कंदच पुन्हा लावायचा. आज निवडाल तेच वर्षानुवर्षे शेतात राहणार. त्यातून वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले. नावाला जपायला हवे.

दाजींनी कुरकुरतच दोन्ही नमुने तपासणीला दिले. लागवड जूनमध्ये, तोवर बेणे सावलीत राहिले. अहवाल आला : तेल सेलममध्ये जास्त, कुरकुमिन नव्या जातीत!

"म्हणजे सेलम मोडायची?" दाजींचा चेहरा उतरला.

ताई आतून म्हणाली, "फोडणीला वास नको का? निम्मी निम्मी लावा."

मास्तरकी माझी, पण निकाल तिचाच लागला.