तळ्यातले मासे एका रात्रीत का मरतात?



आपल्या कार्यक्षेत्रात ठिबकसाठी शेततळी झाली, आणि पाणी आहेच तर चार पैसे सुटतील म्हणून पुष्कळांनी त्यात रोहू, कटला, मृगळ सोडले. मासे वाढतातही चांगले. पण एखाद्या दिवशी सकाळी तळ्यावर जावे, तो पाण्यावर पांढरी पोटे तरंगताना दिसतात. काल संध्याकाळी खाद्यावर उड्या मारणारे मासे! मग पहिला शब्द तोंडातून निघतो, "कुणीतरी औषध टाकलं." आणि बांधाचा वाद चालू असला म्हणजे नाव शोधायलाही लांब जावे लागत नाही.

मीही तेच केले. श्रावणात एका पहाटे माझे निम्म्याहून जास्त मासे गेले. मी सरळ चुलतभावाच्या दारात उभा राहून नको ते बोललो. दुपारी मासेपालनातले एक जाणकार गृहस्थ तळ्यावर आले. त्यांनी तळ्याला एक फेरी मारली आणि विचारले, "कोणते मेले, कोणते जगले?" मोठे कटले सगळे गेले होते, बोटाएवढी पिल्ले बरीचशी जिवंत होती, आणि कुठून तरी तळ्यात आलेली मरळ मजेत फिरत होती. काठावर बेडूक ओरडत होते. "औषध असतं तर बेडूक आणि पाणकिडे राहिले असते का? तुमचे मासे गुदमरून मेले," ते म्हणाले.

हे गुदमरणे नीट समजून घेतले पाहिजे. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. हिरव्या पाण्यातले बारीक शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते; पण रात्री ते स्वतःच तो खाते. मासे खातात, तळाचा गाळ कुजताना तोही खातो. म्हणून सूर्य उगवण्याच्या जरा आधी तळ्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. आदल्या दिवशी आभाळ असेल तर मुळात साठाच कमी होतो, आणि रात्री वारा नसेल तर वरूनही भर पडत नाही.

साठा तरी किती? ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला म्हणजे माशांना बरे असते. हिशोब केला तर एवढ्या मोठ्या तळ्यात प्राणवायू भरतो अवघा ११ किलो! तो लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत उतरला की मासे वर येऊन आ वासतात. मोठ्या माशाला जास्त लागतो, म्हणून तो आधी जातो. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ती टिकते.

गृहस्थांनी मग विचारले, "दोन-तीन दिवसांत पाण्यात काय टाकलं?" मी गप्प. पाणी फार हिरवे झाले म्हणून दोन दिवसांपूर्वी मीच मोरचूद टाकले होते. द्राक्षाला चालते तर इथे काय बिघडणार, हा विचार! शेवाळ सगळे एकदम मेले, कुजू लागले, आणि कुजताना होता तो प्राणवायू पिऊन बसले. वर आभाळ. चुलतभावाकडे परत जायला मला आठ दिवस लागले.

मोरचूद हे एक कारण झाले. उन्हाळ्यानंतरचा पहिला मोठा पाऊसही असेच करतो. वरचे पाणी थंड होऊन खाली जाते आणि तळाचे कुजके, अंड्यासारखा वास येणारे पाणी वर येते. जादा खाद्य, ताजे शेण हीही कारणे आहेत. एक गोष्ट कारखान्याच्याच पत्रिकेत लिहितो, राग नसावा. प्रेसमडचा ढीग तळ्याच्या चढाला घालू नका. साखरेचा, मळीचा अंश विष नसला तरी तो खाणारे जिवाणू प्राणवायू संपवतात. डिस्टिलरीचा कच्चा स्पेंटवॉश एक लिटर घेतला तर तो कुजताना ४० हजार मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मागतो. म्हणजे पाच हजार लिटर चांगल्या पाण्यातला सगळा. नदीत मळीचे पाणी आले की मासे का तरंगतात, ते यावरून कळेल.

ओळखायची सोपी रीत सांगतो. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. कोपर बुडायच्या आधीच पंजा दिसेनासा झाला तर पाणी जास्त हिरवे आहे; खाद्य, शेण बंद करा आणि थोडे पाणी बदला. पहाटे मासे वर आ वासताना दिसले तर लगेच मोटर चालू करून तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडा. लाइट नसेल तर इंजिन लावा. बोअरचे पाणी थंडगार दिसते, पण त्यात प्राणवायू कमीच असतो. ते उंचावरून पत्र्यावर आपटून सोडावे.

सगळेच मरण असे नसते. रोज दोन-चार मासे जात असतील, अंगावर डाग, जखमा असतील तर तो रोग किंवा ऊ. कल्ले तांबूस-काळे, चॉकलेटी दिसले तर पाण्यात नायट्राइट वाढलेले असते.

आणि खरेच औषध गेले असेल तर? सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांना अगदी थोडीही चालत नाहीत. तळ्यावर पंप धुतला, किंवा शेजारच्या फवारणीचा वारा इकडे आला, तरी पुरे. अशा वेळी लहान-मोठे सगळे मासे, पाणकिडेसुद्धा, एकदम जातात, वेळही पहाटेचीच असेल असे नाही. शंका आली तर पाणी बदलायच्या आधी स्वच्छ काचेची बाटली काठोकाठ भरून घ्या, नुकतेच मेलेले दोन-तीन मासे बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. कुजलेला मासा नेऊन काही कळत नाही. बाकीचे मासे चुना टाकून पुरावेत. खाऊ नयेत, विकूही नयेत.