तर, तम आणि तारतम्य

प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजेच इ.स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली आणि तिच्या सहाव्या अध्यायात आपली मराठी अमृताशीही पैज जिंकेल अशी ग्वाही दिली. मराठीची सरसता सांगणाऱ्या या विधानाला विशेषणाच्या वेगळ्या रूपाची गरज पडली नाही, आणि तुलनेच्या बाबतीत मराठीचा एकूण स्वभावच तसा आहे. इंग्रजीत मात्र तुलना करायची तर बहुधा विशेषणालाच आपले रूप बदलावे लागते. राज्यातील मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवली जात असल्याने हा फरक नेवाशाच्या मुलांपुढेही लहान वयातच उभा राहतो, आणि तो उलगडून सांगितला तर पाठांतराचा बराच भार हलका होतो.

गुणाच्या चढत्या पायऱ्यांना व्याकरणात तरतमभाव म्हणतात. दोहोंतील अधिक-उणे दाखवणारा तो तरभाव आणि अनेकांतून एकाला वरचढ ठरवणारा तो तमभाव; ही नावे संस्कृतातील ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांवरून आली आहेत. मराठीत तुलनेची खूण विशेषणाला न लागता, ज्याच्याशी तुलना करायची त्या नामाला लागते. ‘कळसूबाई रतनगडापेक्षा उंच आहे’ आणि ‘1646 मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘उंच’ हा शब्द जसाच्या तसा राहतो. ‘पेक्षा’, ‘हून’, गावाकडच्या बोलीतला ‘परीस’ किंवा ‘सर्वांत’ यांपैकी एखादा शब्द अथवा प्रत्यय तुलनेचे सारे काम उचलतो.

इंग्रजीत हेच काम विशेषणाकडे जाते. ‘टॉल’सारख्या एका उच्चारघटकाच्या शब्दाला ‘अर’ आणि ‘एस्ट’ हे प्रत्यय लागून ‘टॉलर’ व ‘टॉलेस्ट’ होते. ‘बिग’सारख्या शब्दात लिहिताना शेवटचे व्यंजन दुप्पट होते, तर ‘हॅपी’च्या शेवटच्या ‘वाय’च्या जागी ‘आय’ येतो. ‘ब्यूटिफुल’सारख्या लांब शब्दांआधी मात्र प्रत्ययाऐवजी ‘मोअर’ व ‘मोस्ट’ हे स्वतंत्र शब्द येतात. ‘गुड, बेटर, बेस्ट’ आणि ‘बॅड, वर्स, वर्स्ट’ ही रूपे कोणत्याच नियमात बसत नसल्यामुळे ती पाठच करावी लागतात. मराठीत ‘अधिक चांगला’ म्हणण्याची सवय असलेला विद्यार्थी ‘मोअर बेटर’ म्हणून जातो, कारण ‘अधिक’चा अर्थ ‘बेटर’च्या पोटातच आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते, म्हणूनच ही चूक अज्ञानाची नसून मातृभाषेच्या घडणीची आहे, असे समजून ती दुरुस्त करावी.

या दोन भाषांचे नाते वाटते तितके दूरचेही नाही. संस्कृतात ‘तर-तम’बरोबरच ‘इष्ठ’ हा दुसरा तमभावी प्रत्यय आहे आणि इंग्रजीतील ‘एस्ट’ हा त्याचाच सगोत्र आहे, म्हणजे दोन्ही एकाच प्राचीन भाषेतून उतरले आहेत. ‘स्वादु’पासून झालेला ‘स्वादिष्ठ’ आणि इंग्रजीतील ‘स्वीटेस्ट’ यांचा तर मूळ शब्दही एक आणि प्रत्ययही एक. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ हे शब्द मराठीत रोज वापरले जातात, परंतु त्यांतील तमभाव विसरला गेल्यामुळे ‘सर्वांत श्रेष्ठ’ असे म्हणताना कोणालाही द्विरुक्ती जाणवत नाही.

त्यामुळे इंग्रजीतील तरतमभाव शिकवताना सुरुवात रूपांच्या तक्त्याने न करता ‘श्रेष्ठ’ आणि ‘ज्येष्ठ’ या परिचित शब्दांपासून केली, तर परका वाटणारा प्रत्यय मुलांना ओळखीचा होईल आणि नियम समजून घेण्याची गोडी लागेल. तर आणि तम यांच्यापासूनच मराठीला ‘तारतम्य’ हा शब्द मिळाला, ज्याचा अर्थ अधिक-उणे पारखण्याची समज असा होतो; दोन भाषांच्या रीती शेजारी ठेवून त्यांतील भेद आणि नाते ओळखणे हा त्या समजेचाच अभ्यास आहे.