घरगुती आहाराची मात्रा : वाटी की वजन?

मधुमेह व स्थौल्याच्या रुग्णांना आपण आहारपत्रकात 'एक वाटी आमटी' असे लिहून देतो. परंतु वाटीचे आकारमान घरोघरी भिन्न असते आणि आमटीचा दाटपणाही. यास्तव कॅलरींचे गणित कच्च्या घटकद्रव्यांवरून करावे.

उदाहरणार्थ, २०० ग्रॅम तूरडाळीतून सुमारे ६८० व फोडणीच्या २० ग्रॅम तेलातून १८०, अशा एकूण ८६० कॅलरी मिळतात. शिजलेली आमटी पातेल्यासह तोलून रिकाम्या पातेल्याचे वजन वजा करावे. ती १ किलो भरल्यास १५० ग्रॅममध्ये सुमारे १३० कॅलरी येतात. पाणी वाढवून दीड किलो केल्यास केवळ ८६. पाण्याने वजन वाढते, कॅलरी नव्हेत. कर्बोदकांचा हिशेबही याच रीतीने करावा. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाचा आहार असा नकळत घटल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तेल अंदाजाने न ओतता तोलूनच घ्यावे. ५ ग्रॅमची चूक म्हणजे ४५ कॅलरींची चूक होय.

चरकाचार्यांनी मात्राशितीय अध्यायात आहारमात्रा अग्निबलावर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. वजनकाटा हे केवळ साधन आहे. रुग्णाचा अग्नी पाहून मात्रा ठरविणे हे वैद्याचेच कर्तव्य होय.