मरणाचा प्रोमो

6 एप्रिल 2009 रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ‘हाऊस’ या वैद्यकीय मालिकेचा एक भाग लागला. डॉ. लॉरेन्स कटनर कामावर आला नाही, म्हणून दोघे सहकारी त्याच्या घरी जातात. तो गेलेला असतो. चिठ्ठी नाही, आधी कसली कुणकुण नाही. मागच्या भागापर्यंत हा माणूस हसतखेळत, नाही नाही ते प्रयोग करत हिंडत होता.

खरं कारण कथेत नव्हतंच. कटनरचं काम करणारा काल पेन, म्हणजे न्यू जर्सीतल्या गुजराती घरातला कल्पेन मोदी, ओबामांच्या व्हाइट हाऊसमध्ये नोकरीला निघाला होता. आपल्याकडे नटाने मालिका सोडली की दोनच वाटा असतात. एक, ‘ही भूमिका आता अमुक साकारतील’ अशी पाटी. दुसरी, दिवाणखान्यातल्या फोटोला हार. ‘हाऊस’च्या लेखकांनी दुसरी निवडली आणि मृत्यू आत्महत्येचा ठरवला.

भाग मात्र संयमाने लिहिला होता. प्रत्येक रोग्याचं कोडं तासाभरात सोडवणारा डॉ. हाऊस इथे हात टेकतो. कटनर दत्तक होता, लहानपणी त्याच्या आईवडिलांचा खून झाला होता, हे सगळं तो उलटंपालटं करून बघतो आणि उत्तर मिळत नाही. भागाचं नाव ‘सिंपल एक्स्प्लनेशन’, आणि सोपं स्पष्टीकरण तेवढं सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये खास चित्रपट आणि मालिकावाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. आत्महत्येला एकच एक कारण चिकटवू नका, पद्धत दाखवू नका, संकटातून सावरलेली माणसं दाखवा, असं तिचं सांगणं. यातली पहिली गोष्ट कटनरच्या भागाने दहा वर्षं आधीच पाळली होती.

गफलत भागाबाहेर झाली. वाहिनीने इंटरनेटवर कटनरसाठी स्मृतिपान उघडलं. कल्पनेतल्या माणसाला खरी माणसं श्रद्धांजली वाहू लागली. जाहिरात खात्याच्या दृष्टीने कल्पना झकास! पण घरात आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं वाटणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराने त्यातून काय घ्यावं? गेल्यावर सगळे रांग लावतात, हेच ना? लेखकांनी राखलेला तोल जाहिरातवाल्यांनी घालवला, असं मला वाटतं. या विषयावरचे वाद बहुतेक त्या एका दृश्यापाशी अडकतात. दृश्याच्या आधी आणि नंतर वाहिनी काय विकते, तिकडे फारसं कुणी पाहत नाही.

दृश्यावरचा सर्वांत मोठा वाद ‘थर्टीन रीझन्स व्हाय’चा. जे अ‍ॅशर यांच्या 2007 च्या कादंबरीवरची ही मालिका नेटफ्लिक्सवर 31 मार्च 2017 रोजी आली. हॅना बेकर ही शाळकरी मुलगी मरणापूर्वी कॅसेटी ध्वनिमुद्रित करून ठेवते आणि आपल्या मरणाला जबाबदार असलेल्या एकेकाचा हिशेब चुकता करते. कारणं मोजून तेरा, आणि ती शीर्षकातच. मेलेली मुलगी तेरा भाग बोलत राहते, जिवंतांना रडवते, जिंकते. माझा आक्षेप आधी या रचनेला आहे, मग शेवटच्या भागातल्या त्या मृत्यूच्या दृश्याला. ते दृश्य बघवू नये इतकं भीषण केलं तरच मरणाबद्दलचं आकर्षण गळून पडेल, अशी लेखकांची बाजू होती. न्यूझीलंडच्या सेन्सॉर कार्यालयाने या मालिकेसाठी नवा वर्गच तयार केला: अठरा वर्षांखालच्यांनी पालक किंवा मोठ्या माणसाबरोबरच पाहावी.

मालिका आल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत 10 ते 17 वयोगटातलं आत्महत्यांचं प्रमाण 28.9 टक्के वाढल्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे, ‘गंमत’ हा शब्द इथे जड जातो, पण ही वाढ मुख्यतः मुलग्यांमध्ये होती आणि मालिका मुलीची. पुढच्या वर्षी दुसऱ्या संशोधकाने तेच आकडे पुन्हा तपासले आणि मुलग्यांमधल्या वाढीचं खापर मालिकेवर फोडता येत नाही, असं म्हटलं. वाद मिटलेला नाही. नेटफ्लिक्सने मात्र जुलै 2019 मध्ये ते दृश्य कापलं. तोवर सव्वादोन वर्षं उलटली होती.

त्या मानाने जर्मनीतला पुरावा भक्कम आहे. पश्चिम जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीने 1981 मध्ये एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या आत्महत्येवर सहा भागांची मालिका दाखवली. हेतू चांगला होता. शाळा, घर, मित्र कुठे कमी पडले ते दाखवायचं होतं. 1982 मध्ये तिचं पुनःप्रसारण झालं, आणि त्यामुळे संशोधकांना एकाच मालिकेचा परिणाम दोनदा मोजता आला. पहिल्या वेळी 15 ते 19 वयाच्या मुलग्यांमध्ये त्याच पद्धतीच्या आत्महत्या 175 टक्क्यांपर्यंत वाढल्या. दुसऱ्या वेळी प्रेक्षक कमी होते, वाढही कमी भरली. वय जुळतं, लिंग जुळतं, पद्धत जुळते. चांगला हेतू इथे कुणाच्या कामी आला नाही.

याच विषयाला हात घालून नीट बाहेर आलेली मालिका म्हणजे ब्रिटनची ‘कोरोनेशन स्ट्रीट’. 1960 पासून चालू असलेली ही डेली सोप तिथल्या घराघरात मुरलेली. मे 2018 मध्ये तिने एडन कॉनर या तरुण उद्योजकाचा मृत्यू दाखवला. म्हणजे खरं तर दाखवलाच नाही. समॅरिटन्स आणि ‘काम’ (CALM) या आत्महत्या रोखण्यासाठी झटणाऱ्या संस्थांचा सल्ला घेऊन तो क्षण पडद्याबाहेर ठेवला आणि भागांचा भर ठेवला तो मागे राहिलेल्यांवर: बाप, बहीण, शेजारी, कारखान्यातली माणसं. त्याच गल्लीतल्या डेव्हिडवर काही आठवड्यांपूर्वी बलात्कार झालेला असतो आणि तो कुणापाशी बोललेला नसतो. एडनच्या मरणाने तो हादरतो आणि आपल्या जोडीदारणीपाशी तोंड उघडतो. बोलल्यावर माणूस वाचतो, हे मालिकेने भाषण न देता दाखवलं. अशा कथांचा उपयोग होऊ शकतो, असं ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलं होतं आणि मोझार्टच्या ऑपेरातल्या पापागेनोवरून त्याला नाव दिलं होतं. पापागेनो मरायला निघतो, तीन मुलं त्याला दुसरी वाट दाखवतात.

आता आपला टीव्ही. आपल्या डेली सोपमध्ये प्रत्यक्ष मृत्यू कमी, धमकी फार. ‘माझं मेलेलं तोंड बघशील’ हे वाक्य सासूच्या तोंडी आलं की लग्न ठरतं, मोडतं, सही होते, वाडा विकला जातो. खलनायिका तर खोटा प्रयत्न करून सहानुभूतीही उकळते. हे ट्रॅक मला त्या भीषण दृश्यांइतकेच घातक वाटतात, कारण मरणाची भाषा करणारी व्यक्ती नाटक करते, हा समज ते पक्का करतात. प्रत्यक्षात असं बोलणं ही मदतीची हाक असू शकते. ते गांभीर्यानेच घ्यायला हवं, असं मानसोपचारवाले कधीपासून सांगताहेत.

आणि प्रोमो. मध्यरात्र, पाऊस, मोकळ्या केसांची पाठमोरी नायिका दार उघडून निघते. मागे व्हायोलिन. घरात कुणाला तरी जाग येते. पडदा काळा. ‘ती परत येईल का? पाहा महाएपिसोड, रविवारी संध्याकाळी 7 वाजता.’ आठवडाभर हे तीस सेकंद बातम्यांत, पाककृतीच्या कार्यक्रमात, मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत वाजत राहतात. रविवारी पहिल्या ब्रेकनंतर नायक तिचा हात धरतो आणि सोमवारी ती स्वयंपाकघरात. महाएपिसोड पाहायचा की नाही हे प्रेक्षक ठरवतो; प्रोमो विचारून येत नाही. कथेत पुढे येणारा आधार, बोलणं, सावरणं यातलं त्यात काही नसतं, फक्त काठ असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, 22,746. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी नियम घालून दिले, पण ते वर्तमानपत्रांसाठी. पडद्यावर कुणी सिगरेट शिलगावली की खाली इशाऱ्याची ओळ येते. 2012 पासूनचा नियम आहे, 2023 पासून ओटीटीलाही लागू झाला. केंद्राची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे: क्रमांक 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. प्रोमोच्या खालच्या पट्टीत पाच आकडे सहज मावतात. सध्या तिथे वार आणि वेळ असते.