रोटाव्हेटर : जोडावा कसा, चालवावा कसा



सुरू उसाच्या लागणीचे दिवस जवळ आले, की केळझरपासून सेलूपर्यंतच्या वावरांतून रोटाव्हेटरची मागणी वाढते. वखराच्या दोन-तीन पाळ्यांचे काम हे औजार एका फेरीत उरकते, मजूर वाचतो, वेळ वाचतो. म्हणूनच ते लोकप्रिय झाले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु काही वावरांत नांगर कायमचा कोपऱ्यात पडला आहे आणि वर्षानुवर्षे नुसता रोटाव्हेटर फिरतो आहे. तेव्हा या औजाराचे काम नेमके काय, ते ट्रॅक्टरला कसे जोडावे आणि आपल्या काळ्या जमिनीत कसे चालवावे, याची थोडी माहिती येथे देत आहोत.

हे औजार आले कोठून?

ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी मशागत करण्याचे प्रयोग केले. सुरुवातीची पाती माती बाजूला फेकत. मग त्याने इंग्रजी 'एल' अक्षरासारखी वाकवलेली पाती बसवली आणि गाडे मार्गी लागले. १९२० मध्ये त्याने पेटंट घेतले. आज आपण वापरतो ती पाती त्याच जातीची.

नांगर जमिनीत ओढला जातो. रोटाव्हेटर मात्र ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पी.टी.ओ.वर चालतो. पाती फिरतात, मातीचा काप काढतात आणि तो मागच्या फळीवर आपटून फोडतात. खोली ४ ते ६ इंच. याचा अर्थ सरळ आहे: हे शेवटच्या मशागतीचे औजार आहे, पहिल्या मशागतीचे नव्हे.

जोडणी

पाच फुटी रोटाव्हेटरला साधारण ३५ ते ४५ अश्वशक्तीचा आणि सहा फुटीला ४५ ते ५५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. लहान ट्रॅक्टरला मोठे औजार लावले, तर इंजिन धापा टाकते आणि डिझेल वाया जाते.

औजार सपाट जागेवर ठेवून ट्रॅक्टर सरळ मागे घ्यावा. आधी डावा खालचा हात जोडावा, मग उजवा. उजव्या हाताला उंची कमी-जास्त करण्याची सोय असल्याने तो नंतर जुळवणे सोपे जाते. त्यानंतर वरची दांडी, म्हणजे टॉप लिंक. सर्वांत शेवटी पी.टी.ओ.चा शाफ्ट. बाजूच्या साखळ्या अशा आवळाव्यात, की औजार डावी-उजवीकडे झोके घेणार नाही.

शाफ्ट जोडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, लांबी. औजार खाली-वर करताना शाफ्टच्या दोन्ही नळ्या कधी जवळ येतात, कधी लांब जातात. सर्वांत जवळ आल्या तरी टोकाला टेकू नयेत आणि सर्वांत लांब गेल्या तरी वीतभर तरी एकमेकींत असाव्यात. दुसरी, शाफ्टच्या मधल्या भागाचे दोन्ही काटे एकाच रेषेत असावेत. तिरपे बसले तर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस तुटतो. तिसरी, खटका पूर्ण बसला की नाही हे शाफ्ट ओढून पाहावे.

मग औजार कामाच्या खोलीवर आणून उजव्या हाताने आडवी पातळी आणि टॉप लिंकने पुढची-मागची पातळी जुळवावी. गिअरपेटीतील तेल, क्रॉसचे ग्रीस, पात्यांचे नट हे रोज पाहावे. नवी पाती बसवल्यावर दोन-तीन तासांनी नट पुन्हा आवळावेत. पात्याची धार आधी मातीत शिरली पाहिजे. पाती उलट बसली, तर पाठ मातीवर आपटते आणि ट्रॅक्टरला भार होतो.

शिअर बोल्ट तुटला तर तो तुटण्यासाठीच दिलेला आहे, हे लक्षात घ्यावे. त्याच्या जागी कडक बोल्ट ठोकला, तर पुढच्या दगडाला बोल्टऐवजी गिअरपेटी फुटते.

जिवाची गोष्ट

पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. धोतराचा सोगा, दुपट्टा किंवा साडीचा पदर शाफ्टला लागला, तर "थांब" म्हणायच्या आत ९ वेढे बसलेले असतात. म्हणून शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण काढून फेकू नये. ते फिरू नये म्हणून दिलेली साखळी अडकवून ठेवावी. पात्यांत गवत, तार, पऱ्हाटी अडकली, तर आधी पी.टी.ओ. सोडावा, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी, आणि मगच खाली उतरावे. औजाराखाली वाकायचे तर ते जमिनीवर टेकवावे किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर राहू नये. औजारावर वजनासाठी माणूस बसवणे तर सर्वथा वर्ज्य.

वावरात

आपली काळी जमीन ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. म्हणून वाफसा ओळखणे हेच खरे कसब. ४-५ इंच खालची मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. फुटला तर काम सुरू करावे. तसाच बसला तर दोन दिवस थांबावे. ओल्या मातीत पाती फिरली, की त्यांची सपाट टोके तळाची माती घासून गुळगुळीत करतात. दरवर्षी एकाच खोलीवर हे घडत गेले, तर खाली कडक थर तयार होतो. मग कालव्याचे पाणी वर साचते, उसाची मुळे थरावर पसरतात, आणि वरून भुसभुशीत दिसणाऱ्या जमिनीत ऊस खुरटतो. म्हणून लागणीआधी खोल नांगरट, ती उन्हात तापू द्यावी, आणि मगच रोटाव्हेटर. एकदाच आणि हलका.

खोडवा मोडताना आधी पाचटाची कुट्टी करावी, नाही तर लांब पाचट रोटरला गुंडाळते. कुट्टीनंतर उथळ रोटाव्हेटरने बुडखे फोडावेत आणि मग नांगरावे. पाचट जाळण्याची गरज पडत नाही.

वेगाचा हिशेब

तासाला ३ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५० मीटर. रोटरचे मिनिटाला २०० फेरे धरले, तर एका फेऱ्यात ट्रॅक्टर २५ सेंटिमीटर पुढे जातो. चकतीवर एका दिशेची ३ पाती असतील, तर प्रत्येक काप सुमारे ८ सेंटिमीटरचा. ट्रॅक्टर दुप्पट वेगाने पळवला, की काप दुप्पट जाड आणि ढेकळे मोठी. पाच फुटी औजार या ३ किलोमीटरच्या चालीने, वळणे धरून, तासाला पाऊण ते एक एकर करते. भाड्याचा ड्रायव्हर तासात दोन एकर उरकत असेल, तर तो पैसे एकराचे घेतो, पण काम रस्त्यावरच्या चालीचे करतो. दर ठरवतानाच गिअर आणि खोली ठरवून घ्यावी.

मागची फळी उघडी ठेवली तर माती जाड राहते, खाली घेतली तर बारीक होते. फार बारीक करण्याचा मोह टाळावा. पीठ झालेली माती पहिल्या पाण्याने बसते आणि तिच्यावर पापडी धरते. लागणीच्या सरीला हरभऱ्याएवढी ढेकळे असली तरी चालतात.

धुऱ्याजवळ वळताना औजार उचलावे आणि पी.टी.ओ. सोडावा. पाती मातीत असताना वळू नये, मागेही घेऊ नये.

बंधूंनो, औजार वेगवान आहे, म्हणून घाई करायची असे नाही. नांगर खोलीसाठी, रोटाव्हेटर वरच्या थरासाठी. ज्याचे काम त्याने केले, तर जमीनही सुखी आणि शेतकरीही सुखी. कामाआधी पाच मिनिटे शाफ्ट, नट आणि वाफसा पाहावा, एवढीच सर्व सभासदांना विनंती.